'ओरिजिनल प्रिंट' म्हणजे काय? प्रिंट तर कॉपीच असते ना?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एका दुकानात चित्राखाली 'ओरिजिनल प्रिंट, ७/३०' असं लिहिलेलं दिसलं, किंमतही चांगलीच होती. मग प्रिंट असेल तर ती ओरिजिनल कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला. आणि 'प्रिंट'ला मराठीत नेमका शब्द कोणता, हेही हवं आहे. दुसऱ्याचं उत्तर आधी द्यावं लागेल, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात आमचा छोटा छापखाना होता. आधी ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, मग ऑफसेट. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं हे आमचं काम. त्यामुळे हा शब्द मी पोटापाण्यासाठी वापरला, आणि पुढे चित्रांच्या नादामुळे त्याचा दुसरा अर्थही कळत गेला.

'प्रिंट'चं मूळ लॅटिनमधल्या 'दाबणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमधला पहिला छापखाना १४७६ साली वेस्टमिन्स्टरला काढला, पण हा शब्द तिथे १३०० च्या सुमारापासूनच बोलला जात होता. पुस्तकं छापण्याशी तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता. मेणावर मोहोर दाबली की उमटते ती खूण म्हणजे प्रिंट. आपल्याकडेही तसंच झालं आहे. मुद्रा आधी राजाची आणि मग मुद्रण; छाप आधी नाण्यावरची आणि मग छापखाना. नाणेफेकीला आपण अजून 'छापा की काटा' म्हणतो. म्हणून प्रिंट म्हटलं की मी आधी एवढंच बघतो, की काय दाबलं आणि कशावर उमटलं. प्रत, नक्कल, कॉपी हे अर्थ त्यावर मागाहून चढले.

ठसा हा मूळ अर्थ फिंगरप्रिंट आणि फूटप्रिंटमध्ये अजून जिवंत आहे. तिथे 'बोटांचे ठसे' आणि 'पाऊलखुणा' हे आपले शब्द चोख आहेत, दुसरं काही शोधू नका. ब्लूप्रिंटचा 'आराखडा' झाला, तोही ठीकच. मात्र ती खरोखर निळी असायची. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली लोखंडाच्या क्षारांनी कागदावर निळी प्रतिमा उठवण्याची रीत शोधली. पुढे इंजिनिअर लोक पारदर्शक कागदावरचा नकाशा तसल्या कागदावर ठेवून उन्हात धरायचे. रेघांखालचा कागद पांढरा राही, बाकीचा निळा होई. आणि याच हर्शेलचा मुलगा विल्यम बंगालमध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत होता. १८५८ साली जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या अख्ख्या हाताचा ठसा करारावर घेतला, उद्या हा सही नाकारायला नको म्हणून. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीची एक सुरुवात तिथे झाली. बापाच्या नावावर एक प्रिंट, मुलाच्या नावावर दुसरी. मला ही जोडी फार आवडते.

एक अर्थ मात्र आपल्या लोकांना हमखास अडवतो. परदेशच्या फॉर्मवर 'प्लीज प्रिंट' किंवा सहीखाली 'प्रिंट नेम' असं असतं. बडोद्यातून बाहेर जाणारे पुष्कळ, त्यामुळे आमच्याकडे असे फॉर्म घेऊन माणसं यायची आणि विचारायची, 'याची प्रिंट काढून चिकटवायची का?' नाही. तिथे प्रिंट म्हणजे हातानेच लिहायचं, पण अक्षरं एकमेकांना न जोडता, छापल्यासारखी सुटी आणि स्वच्छ. शाळेत मुलांना जोडअक्षरी वळणाच्या आधी शिकवतात ते हेच. मराठीत 'सुट्या अक्षरांत लिहा' म्हटलं की झालं.

पुस्तकांच्या बाबतीत 'इन प्रिंट' म्हणजे विकत मिळतं, 'आउट ऑफ प्रिंट' म्हणजे प्रती संपल्या. 'छपाई बंद' असं त्याचं भाषांतर मी वाचलं आहे, ते बरोबर नाही. साधं 'आता मिळत नाही' म्हणावं. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांतही गल्लत होते. मजकुरात फेरफार झाला, भर पडली, तर नवी आवृत्ती. त्याच पानांवरून पुन्हा प्रती काढल्या तर पुनर्मुद्रण. आपल्याकडे पुनर्मुद्रणालाच 'पाचवी आवृत्ती' म्हणून मिरवतात. वाचकाने पैसे देऊन पुस्तक घ्यायचं असतं, त्याला खरं काय ते कळलं पाहिजे.

'प्रिंट लाइन' हा आमच्या धंद्यातला शब्द: कोणी छापलं, कुठे छापलं, कोणी प्रसिद्ध केलं, ती ओळ. १८६७ च्या कायद्याने पुस्तकांवर आणि वर्तमानपत्रांवर ती सक्तीची केली. निवडणुकीच्या पत्रकांना लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-अ कलम लागतं: दर्शनी बाजूला मुद्रक आणि प्रकाशक या दोघांचं नाव-पत्ता हवा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'नाव नका टाकू' म्हणणारी माणसं प्रचाराच्या दिवसांत येतात. मी असं काम कधी घेतलं नाही. ज्या कागदाची जबाबदारी कोणी घेत नाही, तो लोकांच्या हाती देऊ नये.

कापडावरच्या प्रिंटबद्दल जास्त सांगत नाही. 'छापील साडी', 'छिटाचं कापड' हे शब्द आपल्या आज्यांनी वापरले आहेत. कॉम्प्युटरच्या भाषांत 'प्रिंट' म्हणजे पडद्यावर दाखव. पूर्वी उत्तर पडद्यावर नव्हे तर टेलिटाइप म्हणजे तारेने जोडलेल्या टंकयंत्राच्या कागदावर छापून यायचं, १९६४ च्या बेसिक भाषेत तो हुकूम आला आणि पडदे आल्यावरही राहिला.

आता चित्रांकडे येतो. यासाठी बडोद्यासारखं गाव नाही.

राजा रविवर्मा यांनी सयाजीराव गायकवाडांसाठी चौदा पौराणिक चित्रं केली. त्यांच्या चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, ही सूचना सर टी. माधवरावांची, तंजावरचे मराठी, आणि १८७५ ते १८८२ बडोद्याचे दिवाण. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. या छपाईत गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने आकार काढतात, दगड ओला करतात आणि वरून शाईचा रूळ फिरवतात. ओल्या भागावर शाई धरत नाही, तेलकट भागावर धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद एकेक करून सगळ्या दगडांवरून जातो. एक रंग केसभर सरकला तरी लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर येतात. अशा प्रतींवर वरून चकाकी चढवून तैलचित्राचा भास आणत, त्यांना ओलिओग्राफ म्हणतात. देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पुजलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती याच. आधी कॅनव्हासवर रंगवलेलं चित्र, मग दगडावर कारागिराने उतरवलेली त्याची नक्कल, मग छपाई. म्हणून रविवर्मांची प्रिंट ही खऱ्या अर्थाने प्रत आहे. तिचं मोल मी कमी मानत नाही. ज्यांना मंदिरात पाऊल टाकू देत नव्हते, त्यांच्याही घरात तिने देव पोचवला. पण मूळ चित्र वेगळं आणि ती वेगळी.

त्याच छापखान्यात काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके आमच्या कलाभवनात शिकलेले. कलाभवन म्हणजे सयाजीरावांनी १८९० साली काढलेली शिल्प-उद्योगांची शाळा. फोटो आणि छपाई यांची तंत्रं हाताखाली असलेला हा माणूस १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आला, यात मला योगायोग दिसत नाही. सिनेमाची 'प्रिंट'ही निगेटिव्हवरून काढलेली पॉझिटिव्ह फीतच असायची. निगेटिव्हवर पांढरं-काळं उलटं असतं, ते सुलट होतं प्रिंटमध्ये. निगेटिव्ह कोणी थिएटरात दाखवत नसे. प्रेक्षकाने पाहिलेला सिनेमा म्हणजे प्रिंटच, मग ती कशाची नक्कल म्हणायची? तुमच्या 'ओरिजिनल प्रिंट'चं उत्तर याच्या अगदी जवळ आहे.

१९५० मध्ये इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख. त्यांचे विद्यार्थी ज्योती भट्ट १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये छापाचित्रणाची तंत्रं शिकून परत आले आणि त्यांनी इथल्या मुलांना ती हाताने करायला लावली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बडोद्याच्या प्रिंट्सचं नाव देशभर झालं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

या कामात आधी रंगवलेलं चित्र नसतं. एचिंग घ्या. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने त्यावर रेषा ओरबाडतात, आणि पत्रा आम्लात ठेवतात. जिथे थर निघाला तिथेच आम्ल धातू खातं. किती वेळ ठेवला यावर रेषेची खोली, आणि खोलीवर काळेपणा. मग थर पुसून खाचांत शाई भरायची, वरची शाई जाळीदार कापडाने टिपायची, ओलसर कागद ठेवायचा, त्यावर नमदे, आणि दोन रुळांमधून जबरदस्त दाबाने सगळं पार न्यायचं. कागद खाचांत घुसून शाई उचलतो. पुसताना हात थोडा हलका पडला तर आकाश करडं येतं, जास्त पुसलं तर कोरडं. चित्रकार पत्रा कोरताना डावं-उजवं उलट डोक्यात धरून काम करतो. त्या पत्र्याकडे बघून चित्र कळतही नाही. चित्र पहिल्यांदा अस्तित्वात येतं ते कागदावर.

म्हणून ती ओरिजिनल. ज्याची नक्कल म्हणावी असं आधीचं चित्रच नाही. तीस कागद काढले तर तीसही मूळ. ७/३० म्हणजे तीसपैकी सातवा कागद. सातवाच छापला गेला असेल असं नाही, क्रमांक नंतरही घालतात, आणि १/३० म्हणजे जास्त चांगला असंही नाही. मात्र ड्रायपॉइंट नावाच्या प्रकारात सुईने उठवलेली धातूची मऊ कड दाबाखाली लवकर झिजते, तिथे सुरुवातीच्या छापांत मखमली काळा असतो तो नंतर राहत नाही. आकड्याऐवजी 'ए. पी.' असेल तर चित्रकाराने स्वतःकडे ठेवलेली प्रत. ठरलेला आकडा पूर्ण झाला की बरेच जण पत्र्यावर रेघ मारून तो बाद करतात.

मराठीत याला 'मुद्राचित्र' म्हणावं, हिंदीवरून आलेलं 'छापाचित्र'ही चालेल. पण 'छापील चित्र' म्हणू नका, त्याने कॅलेंडर डोळ्यांपुढे येतं.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा भिंग न्या. छापखान्यातलं दहापट मोठं दाखवणारं मिळालं तर उत्तम. आकारांच्या आत चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी, फुलांसारखी गुंफलेली दिसली, तर ती ऑफसेट. म्हणजे आमच्या लग्नपत्रिकेचीच जात, दुसऱ्या चित्राची प्रत. फवाऱ्यासारखे बारीक विखुरलेले ठिपके दिसले तर इंकजेट. 'झिक्ले' असं भारी नाव असतं ती हीच, आणि तिच्याखालीही आकडा आणि सही घालून 'लिमिटेड एडिशन' म्हणून विकतात. तशी प्रत घेण्यात वाईट काही नाही, पण तिला मुद्राचित्राची किंमत मोजू नका. एचिंग असेल तर चित्राच्या चारही बाजूंनी पत्र्याची कड कागदात दबलेली दिसते, बोटाला लागतेही. लाकडी ठसा, शिळाछाप किंवा सेरिग्राफ (जाळीतून शाई ढकलून केलेला छाप) यांत ती कड नसते, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. सही आणि आकडा बहुधा पेन्सिलीत, चित्राखालच्या मोकळ्या पट्टीत असतो. सही छापलेली निघाली तर सरळ परत द्या.

आणि दुकानदाराला एकच गोष्ट विचारा: हे कशावरून छापलं? पत्रा, दगड, लाकूड किंवा जाळी असं काही नाव त्याने घेतलं, आणि कोणी छापलं तेही सांगितलं, तर पुढे किमतीचं बोला. 'पेंटिंगवरून' म्हणाला, तर तुमचा मूळ संशय बरोबर होता.