सातपुड्यात शैवाक गोळा करताना: नवख्यांसाठी

शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला सालीवर-खडकावर वाढणारा जीव, गोळा करायला तोरणमाळ किंवा यावलच्या जंगलात जाण्याआधी वनविभागाची परवानगी घ्यावी. अभयारण्यात तिच्याशिवाय सालीचा तुकडाही उचलू नये. नवखे सर्वाधिक चुकतात ते नोंदीत. नमुना घरी पोहोचतो, पण तो सागाच्या सालीवर होता की काळ्या खडकावर, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, आधार (कोणती साल की खडक) आणि ताजेपणीचा रंग जागेवरच पेन्सिलीने पाकिटावर लिहावा, कारण वाळल्यावर रंग बदलतो आणि ओलाव्याने शाई पसरते. पाकीट कागदाचेच हवे. प्लॅस्टिकमध्ये ओल्या नमुन्यावर बुरशी चढते. पानासारखे शैवाक कोरडे असताना ठिसूळ असते, तेव्हा थोडे पाणी शिंपडून ते चाकूने सोडवावे. खडकाला घट्ट चिकटलेले मात्र छिन्नीने कपचीसकट काढावे लागते. घेताना हात आखडता ठेवा, कारण कित्येक जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात.

जात ओळखण्याच्या रासायनिक चाचण्यांचा विचार तूर्त करू नका. दहापट भिंग घ्या आणि काळ्या मसाल्यासाठी घरात आणलेले दगडफूल, जे मुळात शैवाकच आहे, दोन्ही बाजूंनी निरखून पाहा.