जुन्या 6 गिअरच्या स्टील रोड सायकलला ब्रेक-लिव्हरमधले नवे शिफ्टर बसतील का? चढावर पेडलवर उभं राहिलं की गिअर आपोआप पडतो.

आधी तक्रारीचं बघू, कारण त्यावर खर्च नाही. डाउनट्यूबवरचा (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरचा) गिअर लिव्हर फ्रिक्शनचा असतो, केबल फक्त घर्षणाने जागेवर धरलेली असते. स्क्रू सैल झाला की डिरेल्युअरची (चेन सरकवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग केबल ओढून घेते आणि चेन लहान कॉगवर (मागच्या दातेरी चक्रावर) उतरते. लिव्हरच्या मधला, कडी असलेला स्क्रू पाव फेरा आवळा. तरीही घसरत असेल तर लिव्हर उघडून वॉशरवरचं तेल पुसा.

आता शिफ्टर. बसतील, पण नुसते शिफ्टर बदलून भागणार नाही. फ्रिक्शनमध्ये केबल किती ओढायची ते हात ठरवतो, त्यामुळे मागे 5 कॉग असोत की 8, चालतं. ब्रेक-लिव्हरमधला शिफ्टर (शिमानोने 1990 च्या सुमारास आणला) एका क्लिकला ठरलेलीच केबल ओढतो. म्हणून कॉगमधलं अंतर जुळावंच लागतं: 8 स्पीडला 4.8 मिमी, 7 ला 5, जुन्या 6 ला साधारण 5.5. सातवर आठचा शिफ्टर निभावतो. एकूण फरक 1.2 मिमी, मधल्या कॉगवर जुळवलं की दोन्ही टोकांना 0.6 उरतो. सहावर तो साडेतीनच्या आसपास जातो, म्हणजे नुसती खडखड.

म्हणजे कॉगचं अंतर जुळणारं नवं मागचं चाक आलं. त्याचा हब (चाकाचा मधला भाग) 130 मिमी रुंद, तुमच्या फ्रेममधली जागा बहुधा 126. स्टील दोन्हीकडून 2-2 मिमी फाकवता येतं. एका ड्रॉपआउटपासून (मागचं चाक बसतं त्या खाचेपासून) हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणा. सीट ट्यूबपासून तो दोन्ही बाजूंना सारखा दूर हवा. मग ड्रॉपआउट समांतर करून घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनवर हे करूच नये.

डाउनट्यूबवरच्या लिव्हरच्या जागी अ‍ॅडजस्टरवाले केबल स्टॉप (केबलचं आवरण टेकायचे आधार) लागतील. गिअरला उभ्या तारांचं 4 मिमी आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) घ्या; ब्रेकचं आउटर दाबलं जातं आणि क्लिक चुकतात. उलट, गिअरचं आउटर ब्रेकला लावणं धोक्याचं, जोरात दाबल्यावर ते फाटतं. नव्या शिफ्टरमध्ये केबल आतल्या टोकाला झिजते. शिफ्ट जड किंवा अनियमित झाली की लगेच बदला, तुटलेला तुकडा आतून काढणं फार किचकट असतं.

माझं मत विचाराल तर सहा कॉग पुरत असतील तर एवढा खटाटोप करू नका. हँडलवरचा हात सोडायचा नाही, एवढंच हवं असेल तर फ्रिक्शनचे बार-एंड लिव्हर (हँडलच्या टोकांना बसणारे) घ्या. चाक, फ्रीव्हील (मागच्या कॉगचा संच), डिरेल्युअर आहे तेच राहतं. फक्त केबल लांब आणि दोन साधे केबल स्टॉप.