आधीच्या नात्यांत फसवणूक झाली. आता चांगला जोडीदार भेटलाय, तरी विश्वास ठेवायची भीती वाटते. काय करू?

"सगळेच सारखे नसतात" हे उत्तर तुम्हाला ढिगाने मिळेल. माझ्या तर ते डोक्यात जातं, कारण थोरल्या बहिणीकडून वर्षानुवर्षं तेच ऐकलंय.

माझा आधीचा जोडीदार फोन कायम पालथा ठेवायचा, आंघोळीला जातानाही सोबत न्यायचा. कारण विचारलं तर म्हणाला, "तुला संशयाची सवयच आहे." झालं! विषय फोनचा राहिलाच नाही, माझ्या स्वभावाचा झाला. ताईही त्याच्याच बाजूने: "इतकं खोदून विचारलंस तर कुणीही वैतागेल." पुढे कळलं, त्याचं दुसरीकडचं प्रकरण आमच्या ओळखीच्याही आधीचं होतं. त्यावर ताई आजतागायत चकार शब्द बोललेली नाही.

आताचा जोडीदार एकदा फोन वाजताच उठून बाहेर गेला. माझे हातपाय गार. आत आल्यावर विचारलंच, "कोण होतं?" भांडणाची पुढची वाक्यंही तयार होती. तो म्हणाला, "ऑफिसातला मित्र. नोकरी जातेय त्याची, रडत होता, म्हणून बाहेर गेलो." आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसला. कपाळावर आठी नाही की माझ्या स्वभावावर प्रवचन नाही.

म्हणून सांगते, भीती घालवायच्या मागे लागू नका. सरळ विचारा आणि समोरचा त्या प्रश्नाचं काय करतो ते बघा. प्रेमातली ही धास्ती म्हणजे नसते लाड नव्हेत. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्येच मांडलंय, की मूल आईबापाला ज्या ओढीने धरून असतं, तशीच ओढ मोठ्यांच्या प्रेमातही असते. ताईला हे पाठवलं होतं. तिने नुसता अंगठा पाठवला.

अर्थात, शांतपणे थापा मारणारेही असतात. तेव्हा बोलणं आणि वागणं जुळतंय का, यावर काही महिने लक्ष असू द्या. चोरून फोन तपासणं मात्र नको. त्याने घटकाभर बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यापायीच हात पुन्हा फोनकडे जातो. झोप उडाली असेल किंवा आधीच्या नात्यात मारहाण झाली असेल, तर माझं ऐकत बसू नका, आधी समुपदेशकाकडे जा.