क्लेम मंजूर, पण आकडा नामंजूर

अमेरिकेतल्या घराच्या विम्यावर यावेळी इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. बहुतेकांचं दुखणं एकच, कंपनी पैसे द्यायला नाही म्हणत नाही पण देते त्यात काम होत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही टेक्सासात डॅलसजवळ राहतो. एप्रिलमध्ये मोठ्या गारा पडल्या. कंपनीचा ॲडजस्टर (नुकसान बघून रक्कम काढणारा माणूस) आला, रूफवर चढून थोडे फोटो काढले आणि गेला, मग ४,२०० डॉलरचा चेक आला. आमचा रूफर म्हणतो पूर्ण रूफ बदलावं लागेल, २९,५०० डॉलर. फोन करून करून थकलो. शेजारी म्हणतात अप्रेझल मागा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या जाणकारांकडून नुकसानाचा आकडा ठरवून घ्या. हे कोर्टासारखं असतं का, वकील लागतो का? आणि रूफर म्हणतोय कंपनीशी मीच बोलतो, डिडक्टिबलचंही (नुकसानातला आपण स्वतः भरायचा भाग) मी बघून घेतो, ते चालेल का? सोबत कंपनीचा एस्टिमेट आणि रूफरचं कोटेशन जोडलंय.

उत्तर : तुम्ही आधी तो चेकवरचा आकडा डोक्यातून काढा. एस्टिमेट जोडलात हे बरं केलंत, बरेच जण तो उघडूनही बघत नाहीत. त्यात कंपनीने दुरुस्तीचा खर्च १३,६०० धरलाय, त्यातून रूफ जुनं म्हणून ३,४०० डेप्रिसिएशन कापलं, मग ६,००० डिडक्टिबल (घर ३ लाख डॉलरला इन्शुअर केलंय आणि गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल २ टक्के, टेक्सासात हे आता सर्रास असतं), आणि उरले ते ४,२००. तुमची पॉलिसी रिप्लेसमेंट कॉस्टवाली आहे, म्हणजे काम करून मुदतीत बिल दाखवलं की कापलेले ३,४०० परत मिळायला हवेत. डिडक्टिबल तर आकडा कितीही असला तरी तुमच्याच खिशातून जाणार. म्हणजे तुमचं भांडण ४,२०० विरुद्ध २९,५०० असं नाहीच, ते १३,६०० विरुद्ध २९,५०० असं आहे, फरक १५,९०० चा. तोही मोठाच आहे म्हणा, पण निदान खरा आहे.

आता हा फरक कुठून आला ते बघा. कंपनीचा एस्टिमेट एक्झॅक्टिमेट नावाच्या सॉफ्टवेअरमधून आलाय, त्यात प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळ असते, शिंगल्स (रूफवरचे कौलांसारखे तुकडे) किती, जुने उपटून न्यायचे किती, ड्रिप एज (कडेची पत्र्याची पट्टी), रिज कॅप (रूफच्या वरच्या कण्यावरचं आवरण), उतार तीव्र असेल तर त्याचा जादा चार्ज. तुमच्या एस्टिमेटमध्ये रूफचा फक्त मागचा एक उतार धरलाय. आणि रूफरच्या कोटेशनवर काय आहे? एकच ओळ, ‘पूर्ण रूफ २९,५००’. ह्या कागदावर कोणी एक डॉलर वाढवून देणार नाही हो. त्याच्याकडून ओळीवार एस्टिमेट घ्या, प्रत्येक उताराचे वेगळे फोटो घ्या, गटर आणि एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्यावर गारांचे खळगे पडले असतील तर त्याचेही, कारण गारा किती मोठ्या होत्या आणि कुठून आल्या हे तो मऊ पत्रा शिंगलपेक्षा स्पष्ट सांगतो. मग कंपनीला लेखी कळवा की पुन्हा इन्स्पेक्शन हवंय आणि त्यावेळी रूफर हजर राहील. फोनवर बोलणं झालं तरी मागून एक ईमेल टाकायचाच. बऱ्याच क्लेमचा निकाल इथेच लागतो, फुकटात, म्हणून ही पायरी गाळून कोणी थेट अप्रेझलला धावलं की मला वाईट वाटतं.

एवढं करूनही कंपनी हलली नाही तर अप्रेझल. पॉलिसीत कंडिशन्सच्या भागात हे कलम असतं, आधी ते आहे का बघा, कारण काही कंपन्यांनी ते काढून टाकलंय किंवा दोघांची संमती असेल तरच असं करून ठेवलंय. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत साधारण असं असतं की एकाने लेखी मागणी केली की दोन्ही बाजूंनी २० दिवसांत आपापला अप्रेझर नेमायचा, त्या दोघांनी मिळून एक अंपायर निवडायचा, १५ दिवसांत त्यांचं त्यावर जमलं नाही तर कोर्टाला सांगून अंपायर नेमून घ्यायचा. मग दोन्ही अप्रेझर नुकसान बघून आपापले आकडे काढतात, जिथे पटत नाही तेवढंच अंपायरकडे जातं, आणि तिघांपैकी कुठल्याही दोघांनी सही केली की तो आकडा पक्का. कोर्ट नाही, साक्षी-उलटतपासणी नाही, वकील लागतोच असं नाही. अंपायर दोन आकड्यांच्या बरोब्बर मधला आकडा काढतो हा एक गोड गैरसमज आहे, त्याच्यावर तसं काही बंधन नसतं, त्याला एखाद्या ओळीवर तुमचं पूर्ण पटू शकतं आणि दुसऱ्या ओळीवर कंपनीचं.

खर्चाचं मात्र आधी बघा. तुमच्या अप्रेझरची फी तुमची, कंपनीच्या अप्रेझरची कंपनीची, अंपायर आणि बाकीचा खर्च अर्धा अर्धा. तुमचा फरक १५,९०० चा आहे, तिथे हे परवडू शकतं. फरक दोन हजाराचा असेल तर सगळं फीमध्येच जाईल, वर महिने जातील ते वेगळे. दुसरं म्हणजे निकाल कंपनीच्या आकड्यापेक्षा खालीही येऊ शकतो, आणि मग पटला नाही म्हणून रडता येत नाही. टेक्सासात कोर्ट तो सहसा रद्द करत नाही, फसवणूक किंवा चूक झाली, अधिकाराबाहेर जाऊन दिला, किंवा पॉलिसीतली पद्धत पाळलीच नाही, असं काही दाखवावं लागतं.

कंपनी कदाचित म्हणेल की बाकीचे उतार गारांनी नाही, वयाने खराब झालेत, हा कारणाचा वाद आहे, आकड्याचा नाही, त्यामुळे अप्रेझल नाही. अगदी असंच प्रकरण २००९ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टापुढे गेलं होतं. तिथे कंपनी म्हणत होती फक्त वरच्या रिजचं नुकसान झालंय, ४९९ डॉलर ५० सेंट, म्हणजे डिडक्टिबलच्याही खाली, आणि घरमालकिणीचा रूफर म्हणत होता पूर्ण रूफ, १३,००० च्या वर. कोर्टाने सांगितलं की नुकसान किती हे ठरवताना गारांमुळे काय आणि झिजेमुळे काय हे थोडंफार वेगळं करावंच लागतं, तेवढ्यासाठी अप्रेझल अडवता येणार नाही, पैसे देणं लागतं की नाही हा शेवटचा प्रश्न मात्र कोर्टाचा. हा निकाल टेक्सासचा आहे हे लक्षात ठेवा, दुसऱ्या राज्यांत कोर्टांनी वेगळंही म्हटलंय.

अप्रेझर कोण घ्यायचा? बऱ्याच पॉलिसीत ‘सक्षम आणि निःपक्षपाती’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ज्याला तुमच्या रूफचं काम मिळणार आहे तोच रूफर, किंवा मिळेल त्यातले इतके टक्के मी घेणार म्हणणारा माणूस, हे दोन्ही टाळा, कंपनी त्यावर बोट ठेवणारच. तासावर किंवा ठरीव फीवर काम करणारा, रूफचे एस्टिमेट स्वतः लिहिणारा माणूस बघा. आणि निकालात एकच आकडा नको, रूफ वेगळं, गटर वेगळं, आतलं छत वेगळं, पूर्ण खर्च, डेप्रिसिएशन आणि उरलेली किंमत असं लिहून मागा, नाहीतर डिडक्टिबल आणि आधीचे ४,२०० वजा करताना पुन्हा तीच कटकट.

आता तुमचा रूफर. तो नुकसान दाखवू शकतो, आपल्या एस्टिमेटबद्दल बोलू शकतो, पण तुमच्या वतीने क्लेमची वाटाघाट करायला टेक्सासात पब्लिक ॲडजस्टरचं लायसन्स लागतं, आणि ज्या घराचं काम करतोय त्याच घराचा क्लेम रूफरला तसा हाताळता येत नाही. २०२४ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरलाय. पब्लिक ॲडजस्टर घेतलात तर फी क्लेमच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आणि ‘डिडक्टिबलचं मी बघून घेतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, डिडक्टिबल माफ करणं तिथे बेकायदा आहे, सप्टेंबर २०१९ पासून कंपनी ते भरल्याचा पुरावाही मागू शकते.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत. बेसमेंटच्या भिंतीतला पाइप गळून ड्रायवॉल, कार्पेट सगळं गेलं. कंपनीने पत्र पाठवलं की गळती बऱ्याच महिन्यांची आहे, कव्हर नाही. आम्ही पण अप्रेझल मागू का?

उत्तर : नका मागू, पोस्टेज वाया जाईल. वरच्या प्रश्नात कंपनी देणं मान्य करतेय आणि वाद फक्त किती याचा आहे. तुमच्याकडे ती म्हणतेय की हे नुकसान पॉलिसीत बसतच नाही, आणि ते ठरवायचा अधिकार अप्रेझरला नाही. उद्या अप्रेझलमध्ये १८,००० आकडा निघाला तरी कंपनी म्हणेल छान, पण आम्ही देणं लागत नाही.

तुम्ही प्लंबरला धरा. पाइप अचानक फुटला की थेंब थेंब गळत होता, हे त्याने लेखी द्यायला हवं, काढलेला पाइपचा तुकडा टाकून देऊ नका, आणि मागच्या काही महिन्यांची पाण्याची बिलं काढा, गळती जुनी असती तर मीटर आधीपासून चढलेलं दिसायला हवं, ते एकदमच उडालं असेल तर तुमच्या बाजूचा तो चांगला पुरावा. हे सगळं लावून फेरविचाराचं पत्र टाका, नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कुठलं वाक्य लावलं ते विचारा. तरी नाही म्हटलं तर राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटकडे तक्रार, ती फुकट असते, आणि रक्कम मोठी असेल तर वकील. तुमच्याकडे बऱ्याच पॉलिसीत कोर्टात दावा लावायची मुदत नुकसानापासून फक्त १ वर्ष असते. १९७० च्या न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे क्लेम कळवल्यापासून कंपनी लेखी नकार देईपर्यंतचा काळ त्यात धरत नाहीत, पण नकाराचं पत्र आलं की घड्याळ पुन्हा सुरू. तुम्हाला पत्र येऊन किती दिवस झाले ते आजच बघा.

प्रश्न : चेकवर आमच्याबरोबर मॉर्गेज कंपनीचंही नाव आलंय. आणि आकडा पटलेला नसताना चेक बँकेत टाकला तर भांडायचा हक्क जातो का?

उत्तर : नाव येणारच, घर त्यांच्याकडे गहाण आहे. त्यांच्या क्लेमच्या विभागाला फोन करा, काही जण सही करून परत पाठवतात, काही पैसे स्वतःकडे ठेवून काम होईल तसे हप्त्याने सोडतात. चेक टाकल्याने सहसा हक्क जात नाही, फक्त चेकवर किंवा सोबतच्या कागदावर ‘फुल अँड फायनल’ किंवा रिलीज (पुढचा हक्क सोडल्याचं लिहून देणं) असं काही नाही ना ते बघा. असेल तर सही करू नका, आधी कंपनीला लिहा की हे पैसे आम्ही रकमेचा काही भाग म्हणून घेतोय.

प्रश्न : आई-बाबांच्या पुण्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये पुराचं पाणी शिरलं. पॉलिसी भारत गृह रक्षा (भारतातली घराच्या विम्याची ठरावीक पॉलिसी) आहे. कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरने लिहिलं की विमा कमी रकमेचा घेतला होता म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापला. भारतात अप्रेझल मागता येतं का?

उत्तर : तिथे ही अशी पद्धत नाही, पण तुम्हाला तिची गरजही पडू नये. भारत गृह रक्षा १ एप्रिल २०२१ पासून आली आणि तिच्यात कमी रकमेच्या विम्यासाठी प्रमाणात कापायची पद्धतच नाही, सम इन्शुअर्डच्या (विम्याच्या रकमेच्या) मर्यादेत झालेलं नुकसान द्यायचं असतं. सर्व्हेअरने बहुतेक जुन्या फायर पॉलिसीच्या सवयीने कात्री लावलीय. त्याच्या रिपोर्टची कॉपी मागा, पॉलिसीतलं ते कलम दाखवून कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रार अधिकाऱ्याला) लिहा. सर्व्हेअरचा शब्द अंतिम नसतो हे भारताच्या सुप्रीम कोर्टानेही २००९ मध्ये सांगितलंय. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन (विमा लोकपाल), ५० लाखांपर्यंतच्या वादाला चालतं, फी नाही, वकील नाही, आणि ऑफिस पुण्यातच आहे. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून १ वर्षाच्या आत अर्ज करायचा, आणि पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच सहीने, म्हणजे आई किंवा बाबांच्या, तुमच्या नाही.