हरणाच्या शिकारीसाठी .३०८ घ्यावी की ६.५ क्रीडमूर?

प्रश्न असा आहे: मूळ गाव गुहागर, आजोबांची बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) अजून आठवते, सध्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत ओहायोत, ऑफिसमधला सहकारी हरणाच्या सीझनला चल म्हणतोय, तर रायफल .३०८ ची घ्यावी की ६.५ क्रीडमूर (दोन्ही रायफलच्या काडतुसांची नावं)? आणि खाली हळूच जोडलेलं शेपूट: गावी आल्यावर भेकरासाठी काय चालेल?

मी काही वर्षं कोलंबसजवळ नोकरीला होतो. आता वेंगुर्ल्यात काजूची बाग बघतो आणि घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार ठाऊक आहे.

पहिल्याचं उत्तर: दोन्ही नको. ओहायोत हरणावर या दोन्ही चालतच नाहीत. .३०८ काय किंवा ६.५ काय, काडतुसाचं पितळी नळकांडं खाली रुंद आणि वर गोळीजवळ आवळलेलं असतं. ओहायोत हरणासाठी रायफल वापरायची तर काडतुसाचं नळकांडं खालपासून वरपर्यंत सरळ लागतं, व्यास .३५७ ते .५० इंच. मुलूख सपाट, शेताला लागून वस्ती, आणि आवळलेल्या काडतुसाची गोळी चुकली तर फार लांब जाते. दुकानदार .३०८ आनंदाने विकेल, कारण ती विकण्यात गैर काही नाही. ती घेऊन हरणामागे गेलात तर गैर. म्हणून कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, निवडताना राज्याचं नियमपुस्तक आधी उघडायचं आणि यूट्यूब नंतर. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात .३०८ खुशाल चालते, पण तिथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही. दर राज्याची तऱ्हा वेगळी.

त्याच्याही आधी तुमच्या व्हिसाचं. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा नसलेला व्हिसा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच गुन्हा, आणि त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला तुमच्या कामाचा एक: एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. तो खिशात नसताना सहकाऱ्याची रायफल ‘जरा बघू’ म्हणून हातात घेण्याच्याही फंदात पडू नका. आधी शिकारीचा सुरक्षा कोर्स, मग परवाना, त्यावर हरणाचं वेगळं परमिट, आणि सगळ्यात शेवटी दुकान. कोर्स न करता अप्रेंटिस परवानाही मिळतो, जाणत्या परवानाधारकाबरोबर जायच्या अटीवर. पण कोर्स कराच. आपल्याकडे बंदूक हाताळायला शिकवतो कोण? काका शिकवतो, आणि काकाला त्याच्या काकाने शिकवलेलं असतं.

आता मुद्द्याचं. ओहायोत नव्या माणसाने .३५० लेजंड घ्यावी. विंचेस्टरने २०१९ मध्ये बाजारात आणली ती सरळ नळकांड्याची सक्ती असलेल्या अशाच राज्यांसाठी. साधारण १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी, नळीतून सुटताना सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास. दीडशे यार्डांपर्यंत पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरून उरते. तिकडच्या झाडीत त्याहून लांबचा बार क्वचितच मिळतो, रान आपल्या घळीसारखंच दाट. कोणी .४५० बुशमास्टर सुचवेल. ताकदीला ती भारी आहे, पण खांद्याला धक्काही तसाच देते. १८७३ सालची .४५-७० अजून चालते, तिचे भक्तही खूप आहेत. काडतुसं महाग पडतात, एवढंच सांगतो.

धक्क्याला मी इतकं महत्त्व देतो त्याला कारण आहे. धक्का सोसवत नसेल तर माणूस चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो, आणि बार खाली जातो. हरीण मरत नाही, पोटात गोळी घेऊन पळतं. .३५० ने फुप्फुसात लागलेली गोळी .४५० ने पोटात लागलेल्या गोळीपेक्षा शंभर पटीने बरी. रेंजवर जा, शंभर यार्डांवर कागदी पत्रावळ लावा (हरणाच्या छातीचा नेमका भाग साधारण तेवढाच असतो), आणि टेबलावर टेकून नाही, गुडघ्यावर बसून नेम धरा. सगळे बार पत्रावळीत पडायला लागले की तुमचं कॅलिबर बरोबर. पडत नसतील तर कॅलिबर बदलून काही होणार नाही.

आजोबांच्या बारा बोअरची आठवण तुम्ही काढलीत म्हणून सांगतो, तीही तिकडे चालते. फक्त तिच्यात एकच सबंध गोळी, म्हणजे स्लग, घालायची. आपल्याकडे डुकरावर एलजीचं काडतूस घालायची सवय, ते मोठे छर्रे तिकडे हरणावर चालत नाहीत. आणि बोअरचा हिशोब उलटा असतो हे विसरू नका. नळीत बसेल एवढा शिशाचा गोळा एका पौंडात बारा मावले तर बारा बोअर, वीस मावले तर वीस. म्हणून वीसची नळी बाराहून बारीक. रायफलचा आकडा मात्र सरळ व्यासाचा: .३०८ म्हणजे इंचाचे तेवढे भाग, पावणेआठ मिलिमीटरच्या किंचित वर. .३०-०६ मधला ०६ हा १९०६ सालचा. या आकड्यांत एक शिस्त शोधायला जाऊ नका, नाहीच ती.

पुढे पेनसिल्व्हेनियात किंवा आणखी कुठे जाणार असाल तर तुमचा मूळ प्रश्न तिथे खरा. मी .३०८ म्हणेन: १९५२ पासून बाजारात आहे, कुठल्याही खेड्यातल्या दुकानात काडतूस मिळतं. ६.५ क्रीडमूरचा धक्का कमी आणि लांबच्या टप्प्याला ती सरस, पण दोनशे यार्डांच्या आत हरणाला दोघींमधला फरक कळत नाही. .२४३ हलकी, नेम पक्का असलेल्याने घ्यावी.

नेम कुठे धरायचा ते एकदा नीट वाचा. हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यायची, पोटाच्या रेषेपासून छातीच्या एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. समोरून तोंड करून उभं असेल तर थांबा, ते वळतं. बार लागल्यावर हरीण जागेवर पडेलच असं नाही. फुप्फुस फुटलेलं हरीणही पन्नास-शंभर मीटर धावतं. लगेच मागे पळू नका, अर्धा तास बसा, मग जिथे उभं होतं तिथली पानं बघा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, पुढे जवळच सापडेल. काळपट लाल असेल तर बहुधा यकृत, आणखी काही तास थांबा. हिरवट पाणी आणि घाण वास आला तर गोळी पोटात गेली, मग त्याहून जास्त वेळ द्या. घाई केलीत तर उठून असं जाईल की माग लागणार नाही.

मटण घरी आणणार असाल तर तांब्याची गोळी बघा. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात. आणि ओहायोच्या रानटी हरणांत २०२० पासून सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग सापडला आहे, त्या पट्ट्यातलं हरीण असेल तर तपासणी करून मगच शिजवा. चरबी जवळजवळ नसते, सुकं करताना तेलाचा हात सैल सोडा.

शेपटाचं उत्तर: भेकरासाठी काहीच चालत नाही. सांबर, पिसय (पिसोरी हरीण), काहीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, मटण घरात सापडलं तरी गुन्हा. शेतीसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे. रानडुकराने भात लोळवलं तरी वनखात्याची परवानगी आधी, बार नंतर. निवडणूक लागली की आमची बंदूक पोलीस ठाण्यात जमा असते, आणि डुकरं नेमकी तेव्हाच येतात, पण ते असो. वाडीत कोणी ‘रात्री जाऊया’ म्हणालं तर घरी झोपा.

तर आज सहकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: जागा कुठल्या काउंटीत, जमीन कोणाची, आणि मालकाची लेखी परवानगी तुमच्या नावाने मिळेल का. खाजगी जमिनीवर ओहायोत ती लेखीच लागते. नारिंगी जाकीटही बंदुकीच्या सीझनला सक्तीचं आहे, ते मात्र त्याच्याकडे जादाचं असेलच.