तारणाची तारीख विचारतात, काय सांगू?

प्रश्न: सलाम पाळकसाहेब. मी भांडुपला राहते, वय 54, माहेर नगरकडचं. तीन पिढ्या ख्रिस्ती, माझा बाप्तिस्मा बाळपणीच झाला, पुढे दृढीकरण झालं, म्हणजे मंडळीपुढे स्वतः विश्वास कबूल केला, रविवारची उपासना सहसा चुकवत नाही. माझी धाकटी जाऊ ठाण्याला एका शाळेच्या हॉलमध्ये फेलोशिप भरते तिथे जाते, एकदा मला पण नेलं. तिथल्या ब्रदरनी पहिलाच प्रश्न टाकला, सिस्टर, आज रात्री लोकलमधून पडलात तर कुठे जाल, आणि तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कुठल्या तारखेला झालं? मला तर तारीखच नाही. मग हात वर करायला लावून प्रार्थना म्हणून घेतली. घरी येऊन वाटलं मनापासून झाली नाही, पुढच्या वेळी परत हात वर केला, असं करत करत सहा वेळा झालं आणि आता महिनाभर झोप नाही. दुसरं म्हणजे आई गेल्या वर्षी गेली. शेवटची तीन वर्षं तिला विस्मरणाचा आजार होता, भरवणं, डायपर बदलणं सगळं मीच करायचे पण मला ओळखायची नाही, प्रभूची प्रार्थना अर्ध्यात तुटायची, एकदा तर येशू कोण म्हणून मलाच विचारलं. जाऊ म्हणते शेवटी येशूवरच्या विश्वासाची कबुली दिली नसेल तर काही सांगता येत नाही. तिचं काय झालं असेल?

उत्तर: ताई, सलाम. रोज लोकलने जाणाऱ्या बाईला असा प्रश्न विचारायचा म्हणजे धाकच घालणं झालं, पण ते ब्रदर खोटारडे आहेत असं मी म्हणणार नाही. काही जणांना खरंच तारीख असते, अगदी घड्याळासकट. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं बघा, 24 मे 1738, लंडनची ऑल्डर्सगेट स्ट्रीट, रात्रीचे साधारण पावणेनऊ, बायबलमधल्या रोमकरांच्या पत्राला जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं आणि याच्या मनाला ऊब आली, ख्रिस्ताने माझीही पापं घेतली अशी खात्री झाली. मेथडिस्ट लोक हा दिवस अजून पाळतात. पण याच वेस्लीने 4 जानेवारी 1739 ला, म्हणजे सात-साडेसात महिन्यांनी, डायरीत काय लिहिलं तर वर्षापूर्वी मी ख्रिस्ती नव्हतो म्हटलं तर मित्र मला वेडा म्हणतात, मी तर म्हणतो की मी आजही नाही! घ्या. तारीख, वेळ, रस्त्याचं नाव सगळं होतं तरी मन जागेवर राहिलं नाही.

उलटं उदाहरण आपल्याच घरातलं. पंडिता रमाबाईंनी 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर स्वतःच लिहिलं की मला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, ते कळायला जवळपास आठ वर्षं गेली. आणि बायबलमधल्या तीमथ्याला तर तारीखच नाही, त्याला पत्र लिहिणारा प्रेषित पौल एवढंच म्हणतो की हा विश्वास आधी तुझ्या आजीत होता मग आईत. तुमची केस मला तीमथ्याची वाटते.

लहानपणी आमच्या नाक्यावर पतपेढीचा बोर्ड होता, सोने तारण कर्ज. रविवारी चर्चमध्ये तारण आणि सोमवारी बोर्डावर तारण, मला वाटायचं एकच भानगड आहे, आपण काहीतरी गहाण ठेवायचं आणि मग देव सोडवणार. हसू नका, बऱ्याच मोठ्या माणसांच्या डोक्यात हेच असतं. तुम्ही सहा वेळा हात वर केलात तेव्हा पण हेच चाललं होतं, माझा विश्वास तारण म्हणून ठेवलाय, त्याचं वजन पुरेल ना, तोळाभर कमी तर नाही ना भरणार. असं रोज काट्यावर चढलं तर झोप लागणार कशी.

पौल वेगळा शब्द वापरतो, विसार. मूळ ग्रीक शब्द अराबोन, बाजारातलाच, सौदा पक्का करायला आधी दिलेली रक्कम. इफिसकरांच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पवित्र आत्म्याला तो विसार म्हणतो. तुम्ही भांडुपला रूम घेतली असेल तर माहितीच असेल, विसार देतो तो घेणारा, आणि त्याने मागे पाय घेतला तर त्याचाच पैसा बुडतो. इथे विसार देवाने दिलाय, आपण नाही. आता आईकडे या. समजा म्हातारीने पावती कुठे ठेवली ते विसरली, पावती म्हणजे काय तेच विसरली, म्हणून ज्याने पैसे मोजले तो सुटला का? तुमच्या आईने आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं त्याला विस्मरणाचा आजार झालेला नाही. जाऊबाईंना राग येईल पण शेवटच्या श्वासाला परीक्षा घेणारा देव मला तरी बायबलमध्ये सापडलेला नाही. वधस्तंभावरचा चोर शेवटच्या घटकेला बोलला ते खरं, पण ती त्याला मिळालेली संधी होती, सगळ्यांना लावलेली अट नव्हे.

म्हणजे मग सगळं सोपं का? नाही. बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विश्वास सोडून मागे पडणाऱ्यांबद्दल फार कडक लिहिलंय, त्यावरून मंडळ्यांमध्ये शेकडो वर्षं वाद आहेत आणि तो मी एका पानात मिटवणार नाही. पण तो इशारा ख्रिस्ताला झिडकारणाऱ्यांसाठी आहे, आपण झिडकारलं तर नाही ना म्हणून रात्रभर रडणाऱ्या बाईसाठी नाही. विल्सन कॉलेज ज्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलं त्यांच्या परंपरेचा 1646 चा वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा मसुदा, आहे, त्याच्या अठराव्या प्रकरणात सरळ लिहिलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला बराच काळ झगडावं लागू शकतं. खात्री नाही म्हणजे विश्वासच नाही असं तो लिहिणारे कडक शिस्तीचे प्युरिटन प्रोटेस्टंट लोकही म्हणत नव्हते.

योहानाच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आज रात्री मोठ्याने वाचा. तो म्हणतो आपण बंधूंवर प्रीती करतो यावरून आपण मरणातून जीवनात आलो हे आपल्याला कळतं. तीन वर्षं ओळख न देणाऱ्या आईला भरवणारी बाई पुरावा शोधायला ठाण्याला कशाला जाते? आणि तरी मन खातच राहिलं तर पुढेच विसावी ओवी आहे, मन दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा मोठा आहे. सातव्यांदा हात वर करू नका. आणि महिनाभर झोप नाही म्हणता तर डॉक्टरलाही दाखवा, त्याने विश्वास कमी होत नाही.

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. ऑफिसमधला प्रोटेस्टंट मित्र म्हणतो माझा स्वर्ग पक्का. आमचे फादर म्हणतात असं छातीठोक बोलू नये. बरोबर कोण?

उत्तर: फादर त्यांच्या चर्चच्या शिकवणुकीला धरून बोलतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने जानेवारी 1547 मध्येच सांगितलं की खास प्रकटीकरण झाल्याशिवाय कुणी स्वतःबद्दल अशी अचूक खात्री धरू नये. पण याचा अर्थ कॅथलिक माणसाने कायम टांगणीला राहावं असा नाही. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी एकत्र सही केली त्या जाहीरनाम्यात हा मुद्दा आहे, स्वतःच्या कमजोरीकडे बघून काळजी वाटेल पण देवाला माझं तारण हवंय याबद्दल विश्वासणारा निश्चिंत राहू शकतो. मित्राला विचारा तो स्वतःबद्दल छाती ठोकतोय की देवाबद्दल, मग कदाचित भांडण उरणारच नाही.

1431 मध्ये फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कला पाखंडाच्या खटल्यात हाच प्रश्न टाकला होता, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हटलं तर पाखंड, नाही म्हटलं तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर तिथेच ठेवो. साधारण 19 वर्षांची, खेड्यातली पोरगी. तिथे बसलेल्या लेखनिकाने पुढे साक्षीत सांगितलं की हे ऐकून प्रश्न विचारणारे थक्क झाले.