अर्ज भरण्याआधी जतला जाऊन येऊ

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. जर्मनीतला क्लब पैसे द्यायला तयार आहे, इथला रोटरी क्लब तयार आहे, आणि जत तालुक्यातल्या पाच गावांत खारं पाणी गोड करणारी आरओ यंत्रं बसवायच्या ग्लोबल ग्रँटचा, म्हणजे रोटरीच्या आंतरराष्ट्रीय अनुदानाचा, अर्ज लिहायचं काम रोटरॅक्टर, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबातला सदस्य, म्हणून तुझ्याकडे आलंय. फार आनंद झाला. तू पाचही गावांची नावं लिहिलीस, यंत्राची किंमत लिहिलीस; पण त्या गावांतलं कोण काय म्हणालं, ते कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

बऱ्याच वर्षांपूर्वी मीही असं काम केलं होतं. दुष्काळी भागातली शाळा, परदेशी क्लबची मदत, नवं कोरं यंत्र. फीत कापली, फोटो तिकडे पाठवले. पुढच्या उन्हाळ्यात त्या वाटेने गेलो, तर यंत्राच्या खोलीला कुलूप. बोअरचं पाणी इतकं जड, की वर्षाच्या आत यंत्रातलं मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, तुंबून निकामी झालं होतं. नवीन कोणी घ्यायचं, वीजबिल कोणी भरायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सायेब, आमची टाकी गळतीया. ती आदी बांधून द्या म्हनलं असतं, पर इचारलं कुनी?" टाकी दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या पासंगालाही पुरला नसता. ती चूक माझी होती, आणि ती तुझ्या हातून होऊ नये एवढ्यासाठी सांगतोय.

आरओचं तर आणखी एक आहे. जेवढं गोड पाणी हातात येतं, बऱ्याचदा त्याहून जास्त खारं पाणी बाहेर पडतं. टँकरची वाट बघणाऱ्या गावात ते सोडायचं कुठे? काही गावांत म्हैसाळ उपसा योजनेने कृष्णेचं पाणी आलंय, तिथली गरज वेगळी असेल. एका गावाला यंत्र लागेल, दुसऱ्याला नुसती पाइपलाइन, तिसऱ्याला हापसा दुरुस्त करून हवा असेल. पाच गावांना एकच औषध लिहून देऊ नकोस.

ग्लोबल ग्रँटला किमान ३०,००० डॉलरचं अंदाजपत्रक लागतं, दोन देशांतले क्लब लागतात, आधीच करून टाकलेल्या कामाचा खर्च मागून मिळत नाही. हे तुला माहीत असेलच. गावाच्या गरजेची पाहणी अर्जाच्या आधी व्हावी अशीही अट आहे, आणि तो रकाना लोक कंटाळून भरतात. मला विचारशील तर अख्ख्या अर्जात तोच भाग सगळ्यात मोलाचा. जर्मनीतल्या माणसांनी जत पाहिलेलं नाही. ती तुझ्या डोळ्यांनी बघणार आहेत.

पोलिओचं उदाहरण देतो, कारण त्यात मी स्वतः फिरलोय. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्सपासून सुरुवात केली, १९८५ मध्ये पोलिओप्लस हा पोलिओ हटवायचा कार्यक्रम हाती घेतला. १९८८ मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा सव्वाशे देशांत वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं लुळी होत होती. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त ठरला. जगभरच्या क्लबांनी पैसा उभा केला तो मोठाच. पण लस मुलाच्या तोंडात पडली ती आशाताई-अंगणवाडीताईंच्या पायपिटीने. आपल्याकडे गळिताच्या हंगामात ऊसतोड टोळ्या येतात. दिवसा गेलं तर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओस, सगळी माणसं फडात. बूथवर ती पोरं कधी आली नसती. मग आम्ही दिवस मावळल्यावर कंदील घेऊन जायचो, चुली पेटलेल्या असायच्या, पोरं जागी असायची. करंगळीला शाई लावून झाली की पुढची कोपी. संध्याकाळी जा, हे कुठल्याही अर्जात लिहिलेलं नव्हतं. एका मुकादमाने सांगितलं होतं.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तू शाळेत असशील. ट्रक भरभरून जुने कपडे आले, त्यांचे ढीग लागले. पूर ओसरलेल्या घरांतल्या बायका मात्र खराटे, फिनेल आणि सॅनिटरी पॅड मागत होत्या. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना सांगणारं कोणी नव्हतं, एवढंच.

तेव्हा घाई करू नकोस. अर्ज एक महिना उशिरा गेला तर चालेल, जर्मनीतल्या लोकांना तसं स्पष्ट कळव. चांगली माणसं अशा उशिराने नाराज होत नाहीत. ग्रामसभेत जा, पण तिथे बायका कमी बोलतात, म्हणून हापशावरही जाऊन बस. देखभालीची वर्गणी किती, ती कोण गोळा करणार, कुणाच्या नावाने खातं, हे गावाकडून लिहून घे. गाव वर्गणीला नाही म्हणालं तर ते यंत्र त्या गावाला नको आहे असं समज आणि दुसरं काम शोध.

रविवारी मी मोकळा आहे. सकाळी सहाच्या एसटीने निघू, ऊन चढायच्या आत दोन गावं होतील. वही घे. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर माझ्याकडे आहे, तो आणतो. क्लबचा बॅनर मात्र या खेपेला घरीच ठेव.

तुझा,
काका